गादीचं दार

वाद्यवृंदातले लोक त्याला खोडरबर म्हणायचे. म्हणायचे पाठीमागे, पण अशा बेताने की त्याला ऐकू जावं. आणि त्यात खोटं तरी काय होतं? माणूस संगीत लिहायचा पेन्सिलीने आणि लिहायचा त्याच्या दुप्पट पुसायचा. तालीम सुरू व्हायच्या आधी हा वादकांच्या खुर्च्यांमधून फिरायचा, वाकून वाकून कुणाच्या कागदावरचा एखादा सूर पुसायचा, त्या जागी दुसरा लिहायचा. मध्यंतरात लोक पाय मोकळे करायला बाहेर गेले की हा पुन्हा व्यासपीठावर हजर. ट्रम्पेटवाल्याने एकदा वैतागून विचारलं, "अहो, वाजवून झालेला भाग तरी आता सोडाल की नाही?"

"पुढच्या वेळेसाठी पुसतोय," हा शांतपणे म्हणाला.

पुढची वेळ! डोंबलाची पुढची वेळ. मोठ्या वाद्यवृंदासाठी जुन्या शास्त्रीय घाटाचं पण आजचं, नवंकोरं संगीत लिहिणाऱ्या माणसाच्या नशिबात पुढची वेळ नसते. पहिला प्रयोग तोच शेवटचा. कार्यक्रमात ती रचना दोन जुन्या, लाडक्या रचनांच्या मधे दाबून बसवतात, म्हणजे उशिरा येणाऱ्याला चुकवता येत नाही आणि लवकर जाणाऱ्याला पळता येत नाही. टाळ्या पडतात त्या नातेवाइकांच्या. मग कागद कपाटात. असं सगळं माहीत असूनही हा गडी आयुष्यभर पुढच्या वेळेसाठी पुसत राहिला. संगीतातही आणि घरातही. संगीतातलं एक वेळ खपलं.

त्याचे वडील गाद्या शिवायचे. दुकानात पाऊल टाकलं की नाकात कापूस. लांबलचक सुईतून सुतळी ओढून ताणली की ती हलकेच वाजायची, आणि हे पोरगं टेबलाखाली बसून तसाच सूर काढायचं. कात्री लोखंडी खाटेवर आपटून बघ, डबा वाजवून बघ, एक ना दोन. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगं वाया गेलंय, पण तालात गेलंय." बोलायचे असं आणि संगीत शाळेत नाव घालायला मात्र स्वतःच घेऊन गेले. पोराने गाद्या शिवाव्यात असं त्यांना वाटत नसेल असं नाही, पण ते वाटणं त्यांनी कधी बाहेर काढलं नाही.

शाळेतून महाविद्यालय, महाविद्यालयातून पुन्हा त्याच शाळेत मास्तर. दिवसा मुलांना स्वररचना शिकवायची आणि उरलेल्या वेळात आपलं लिहायचं, असं ठरलं. आता चरितार्थासाठी माणूस काय काय करतो! एका वाचनालयाच्या उद्घाटनाला लिहिलं, जलतरण तलावाच्या उद्घाटनाला लिहिलं, एका बँकेच्या फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणताना वाजतं तेही ह्यानेच केलेलं. त्याची सर्वांत जास्त ऐकली गेलेली रचना कुठली म्हणाल तर ती. लोक ती ऐकत दात-ओठ खायचे. त्यालाही एकदा स्वतःच्याच कामासाठी त्या फोनवर ताटकळावं लागलं, तर ह्याने काय करावं? कानाला फोन लावून म्हणतो, "दुसरा सूर चुकलाय."

बायको त्याला भेटली ती त्याच्या पहिल्यावहिल्या रचनेच्या तालमीत. ती व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने मोठी, गळ्याने खोल, आणि घराघरांतल्या थोरल्या बहिणींसारखीच सगळ्यांना सांभाळून घेत मागे राहणारी. व्हायोलिनं पुढे मिरवतात, ही मधल्या मधे भरणा करते. तीही शेवटच्या रांगेत बसलेली. तिने वाजवायचा गज वर केला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हा सूर इथे चुकून आलाय की मुद्दाम?"

"मुद्दाम," तो छाती काढून म्हणाला.

चुकूनच आला होता. पण आता माघार कशी घ्यायची? तो सूर तसाच राहिला, आणि प्रयोगानंतर सगळ्यांनी त्याच जागेची तारीफ केली. तिने बाहेर जिन्यात त्याला गाठलं नि म्हणाली, "चुकून होता ना?" तो म्हणाला, "हो." तिथेच जमलं म्हणायचं.

तालमीच्या सुट्टीत ती एक गंमत करून दाखवायची. हात मोठे होते तिचे, बोटं लांब. पहिलं बोट एका तारेवर खाली दाबून धरायची आणि करंगळी दुसऱ्या तारेवर इतकी दूर टाकायची की बघणाऱ्याचाच हात दुखावा. मग गज दोन्ही तारांवरून एकदम फिरवायची. खालचा सूर घट्ट धरलेला, वरचा करंगळीवर गाणारा, जणू दोघीजणी वाजवतायत. इतर वादक हसत टाळ्या पिटायचे. त्याने ते पाहिलं आणि ठार वेडा झाला.

लग्न ठरलं तेव्हा त्याने शब्द दिला. रिकाम्या नाट्यगृहात, खुर्च्या आवरत असताना. "मी तुझ्यासाठी लिहीन. एक मोठी रचना, व्हायोला आणि वाद्यवृंद. एकटा वाजवणारा पुढे उभा असतो ना? तशी तू उभी. बाकी सगळे बसलेले."

"सगळी व्हायोलिनंसुद्धा?" तिने विचारलं.

"सगळी व्हायोलिनंसुद्धा बसलेली."

ती इतकी हसली, इतकी हसली की हातातली खुर्ची खाली ठेवावी लागली. बास, एवढंच मागणं होतं तिचं. पुढे कधी काही मागितलं नाही, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

घर लहान होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे बोळकांडी. तिला रोज सराव लागायचा आणि त्याला शांतता. हा आतल्या खोलीत एखादा सूर मनात धरून बसायचा आणि बाहेरून तिचा व्हायोला घुसायचा की झालं, हातातला सूर गेला! कधी तो तिच्यावर ओरडला नाही, पण उसासे टाकायचा. उसासे ओरडण्यापेक्षा वाईट. शेवटी वडीलच म्हणाले, "मी बघतो." आले, आणि आतल्या खोलीच्या दाराला त्यांनी गादी शिवली. चांगली दाबून कापूस भरलेली, जाड कापडाची, चौकटीपासून चौकटीपर्यंत, सुबक टाक्यांची. भिंतींनाही तसंच. म्हाताऱ्याचं ते शेवटचं मोठं काम, आणि जीव ओतून केलेलं.

सासूबाई घर बघायला आल्या तेव्हा दाराला हात लावून म्हणाल्या, "जावईबापूंचं सगळं उलटंच. दाराला गादी आणि माणसांना बसायला लाकडी बाक!"

दार लावलं की आत शुकशुकाट. इतका की ठोठावलं तरी ऐकू येईना. गादीवर थाप मारून कुठे आवाज होतो? मग त्यावर तोड निघाली. बाहेर एक बटण, आत टेबलावर एक छोटा लाल दिवा. बायकोला काही हवं असेल तर तिने बटण दाबायचं, आत दिवा लागायचा, आणि हा हातातली ओळ संपवून बाहेर यायचा. हातातली ओळ संपवून! ह्या तीन शब्दांत तिची किती वर्षं गेली असतील त्याचा हिशेब कुणी मांडू नये.

बरं, तिची रचना त्याने लिहायला घेतली नाही असं मुळीच नाही. लग्नानंतर लगेच घेतली. सुरुवातीचीच धून अशी सुंदर उतरली की तो बाहेर येऊन तिला गाऊन दाखवायला लागला; आणि गळा असा की कावळ्याने लाजावं. ती स्वयंपाक सोडून ऐकत उभी राहिली. पण तेवढ्यात कुणाचं तरी बोलावणं आलं, नवी रचना हवी, तीही तातडीने. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून ती धून त्याने तिकडे दिली. व्हायोलाची काढून क्लॅरिनेटला.

तिला कळलं ते तालमीत. क्लॅरिनेटवाला पुढे ती धून वाजवतोय आणि ही मागे बसून तिला आधाराचे सूर देतेय. आपलीच साडी नेसून दुसरी कुणी मिरवतेय आणि आपण तिचा पदर सावरतोय, असं झालं. घरी आल्यावर तिने विचारलं, "ती माझी होती ना रे?"

"अगं, तुला ह्याहून चांगली देतो. बघच तू."

दुसरी धून चेलोला गेली. तिसरी कुठल्याशा गायकवृंदाला. दर वेळी बोलावणं खरंच महत्त्वाचं असायचं, आणि दर वेळी त्याला मनापासून वाटायचं की बायको काय, घरचीच आहे, पळून थोडीच जातेय. घरचं माणूस थांबतं. बाहेरचा थांबत नाही. असा साधा हिशेब होता त्याचा, आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांचा असतो, म्हणून त्याला एकट्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तरी घालाव्याशा वाटतात.

ती "ती माझी होती ना?" हे विचारायची हळूहळू थांबली. थांबल्याचंही ह्याला कळलं नाही.

एक दिवस आत लाल दिवा लागला. तो एका अवघड जागेत अडकला होता, ओळ संपेना. दिवा जळतच होता. विझला, पुन्हा लागला. अखेर तो बाहेर आला तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. बाहेर जायची साडी अजून अंगावर, पर्स खांद्याला तशीच.

"काय गं, काय झालं?"

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानावर पेन्सिल, बाहीवर रबराचा चुरा, डोळे अजून आतच. मग ती म्हणाली, "काही नाही. ही मधाची बरणी उघडत नाहीये."

त्याने झाकण फिरवून बरणी दिली आणि आत गेला. वैतागला होता थोडासा. बरणीसाठी का एवढं बोलवायचं?

तेव्हापासून बरण्या उघडायचं काम त्याच्याकडे आलं. दिवा लागायचा, तो बाहेर यायचा, झाकण फिरवून द्यायचा, परत. पुढे पुढे बाटल्या, नळ, कडी, खिडकीचा बोल्टसुद्धा. लाडात येतेय म्हातारपणी, असं त्याला वाटायचं, आणि त्याचं जरासं हसूही यायचं.

मग तिने वाद्यवृंद सोडला. निवृत्तीला अवकाश होता तरी. "कंटाळा आला," म्हणाली. निरोपाच्या समारंभाला हा उशिरा पोचला. फुलं देऊन झाली होती. घरी येताना तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "बरंच झालं बघ. आता मी तुझी रचना खरंच पुरी करतो, आणि तुला बसवायला वेळच वेळ."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "कर ना," म्हणाली.

आणि त्याने केली! एवढं श्रेय मात्र त्याला दिलं पाहिजे. शाळेतली नोकरी संपली, वाद्यवृंदाला नवा तरुण संचालक आला, त्याने स्वतःहून विचारलं, "सर, तुम्हाला मनापासून काय लिहायचंय?" तो म्हणाला, "व्हायोला. आणि वाजवणार माझी बायको." संचालक म्हणाला, "मॅडम उभ्या राहणार असतील तर आनंदच आहे." मग हा दार लावून बसला तो बसलाच. ह्या वेळी एकही धून कुणाला दिली नाही. बोलावणी आली, त्यांना नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं.

रचनेच्या मधल्या भागात त्याने तिची ती जुनी गंमत घातली. पहिलं बोट खाली धरलेलं, करंगळी दूर वर, दोन तारांवर दोघीजणी एकाच वेळी गातायत, आणि अख्खा वाद्यवृंद श्वास धरून गप्प. दोन-चार सुरांपुरती नव्हे, चांगली लांब, सावकाश. सगळी रचना त्या जागेकडे चढत जायची आणि तिथून उतरायची. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर तिचा तो हात होता. तालमीच्या सुट्टीतला. ह्या घरात रोज त्याला ताट वाढणारा हात त्याने पाहिला नव्हता असं कसं म्हणावं? पण पाहिला नव्हता.

कागद नीट लावून त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवले. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला बसली. ही वादकमंडळी कागद वाचतात म्हणजे ऐकतातच. तो समोर उभा राहून तिचं तोंड बघत होता. मधल्या भागापाशी आली आणि तिचे डोळे भरले.

"आवडलं?"

"फार सुंदर आहे रे," ती म्हणाली. "फारच."

"मग वाजव ना!"

"अरे, आजच्या आज? बसवायला नको?"

बरोबरच होतं. तो खूश होऊन आत गेला, आणि वाद्यवृंदाचे भाग लिहायला दार लावून घेतलं.

नंतर एका दुपारी पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून तो दुसरी आणायला बाहेर आला. दिवा लागलेला नव्हता, आपणहूनच आला. बोळकांडीत पाऊल ठेवलं आणि जागीच थिजला. बाहेरच्या खोलीतून व्हायोला ऐकू येत होता. तीच जागा. खालचा सूर धरलेला, वरचा गाणारा, दोघीजणी अगदी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून. तो भिंतीला टेकला. डोळ्यांना धार लागली. "जशीच्या तशी," तो पुटपुटला. "बाई गं, जशीच्या तशी! केस पिकले, पण हात तोच."

धून संपल्यावर त्याने दार ढकललं.

व्हायोला वाजवत होती ती तिची शिष्या. नुकतीच वाद्यवृंदात लागलेली, पंचविशीची मुलगी. बायको समोरच्या बाकावर बसली होती. डावा हात मांडीवर, उजव्या हाताखाली झाकलेला.

शिष्या घाईघाईने उठली. "सर, मॅडम म्हणाल्या म्हणून... मी फक्त..."

"मला ऐकायचं होतं," बायको म्हणाली. "कागदावर किती दिवस ऐकणार?"

"पण तू का नाही..."

तिने वरचा हात काढला. डावी करंगळी मधल्या सांध्यात सुजून वाकडी झालेली, शेजारचं बोटही त्याच वाटेवर. तिने बोटं उघडायचा प्रयत्न केला. हात अर्ध्यावर थांबला. बस, तेवढाच.

शिष्या बिचारी व्हायोला पेटीत ठेवून निमूट निघून गेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मधाच्या बरणीपासून."

त्याला सगळं एका दमात आठवलं. बाहेर जायची साडी, खांद्यावरची पर्स, विझून पुन्हा लागलेला दिवा. ती डॉक्टरांकडून आली होती. सांगायला आली होती. आणि तो मेला कुठली तरी ओळ संपवत बसला होता. ती ओळ कुठल्या रचनेतली होती तेही आता त्याला आठवेना.

"नंतर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस. मला वाटलं, निदान लिहून तरी होऊ दे." मग हात पुन्हा झाकत, "आणि मला वाटायचं, तुला ऐकू येत असेल. मी वाजवते ते रोज ऐकणाऱ्याला कळलं असतं. माझा आवाज केव्हाच बदलला होता."

रोज ऐकणाऱ्याला! ह्याने किती वर्षांत तिचं वाजवणं ऐकलं नव्हतं कोण जाणे. नाट्यगृहात ती शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या आवाजात मिसळलेली. आणि घरात मधे वडिलांची गादी. कुणा परक्या मुलीच्या हाताला आपण आपल्या बायकोचा हात समजलो आणि भिंतीला टेकून रडलो, ह्या गोष्टीची त्याला अशी काही लाज वाटली की तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

"मी बदलतो," तो म्हणाला. "आत्ता बदलतो. तुला जमेल असं करतो. बदलायचं कामच केलंय जन्मभर."

खोडरबर बसला पुसायला. दार ह्या वेळी उघडं ठेवलं. दोन तारांच्या जागी एक तार केली. वरची गायिका खाली आणली, खालची दुसऱ्या वाद्याकडे दिली. करंगळीचं काम दुसऱ्या बोटाला लावलं. दरेक वेळी ती बाहेरच्या खोलीत वाजवून बघायची, आणि ते वाजायचंही. सुजलेल्या बोटांनी, दबक्या, किंचित खरखरीत आवाजात. वाईट नव्हतं. पण अख्खी रचना जिथे चढत जायची तिथे आता शिखरच नव्हतं, नुसतं पठार. त्याला ते माहीत होतं. तिलाही.

एका सकाळी तिने वाजवणं मधेच थांबवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मूळचंच ठेव. ती पोरगी चांगली वाजवते."

"नको गं, असं कसं?"

"अरे, तुझं तोंड बघ आरशात. सुतकात बसल्यासारखा बसलायस. एवढं चांगलं लिहिलंयस आयुष्यात एकदा, आणि ते माझ्यापायी मोडणार? मूळचंच ठेव म्हणते ना."

आणि त्याने ठेवलं.

सगळी गोष्ट इथे आहे, बाकी काय आहे? त्याने भांडायला हवं होतं. "मला पठार चालेल, तू उभी राहा," असं म्हणायला हवं होतं, हट्ट करायला हवा होता, कागद फाडायला हवे होते. त्याऐवजी तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यात त्याला आत कुठेतरी हायसं वाटलं. तिला ते दिसलं. जन्मभर तिचं एकही म्हणणं ह्या माणसाने इतक्या चटकन ऐकलं नव्हतं.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. शिष्या पुढे उभी राहिली, तिच्या हातात बायकोचाच व्हायोला होता. बायकोनेच दिला होता, "ह्याला ती जागा माहीत आहे," असं म्हणून. सगळी व्हायोलिनं बसलेली. मधला भाग आला तेव्हा खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. तो व्यासपीठाच्या कडेला पडद्याआड उभा होता. त्याला संगीत ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे बघत होता. तिने डोळे मिटले होते आणि तिचा डावा हात मांडीवर उघडायचा प्रयत्न करत होता.

शेवटचा सूर विरला आणि लोक उठले. ह्या वेळी नुसते नातेवाईक नव्हते. मागच्या रांगांपर्यंत सगळं नाट्यगृह उठलं. संचालकाने हात धरून त्याला पुढे ओढलं. असं काही त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याने वाकून नमस्कार केला, आणि मान वर केली तर समोर ती होती.

तीही उभी राहिली होती. सगळेच उभे होते. तळवा तळव्यावर मारता येत नव्हता म्हणून ती उजव्या हाताने डाव्या मनगटावर टाळी वाजवत होती, आणि मान उंच करून, पुढच्या कुणाच्या डोक्याआडून नव्हे, सरळ त्याच्याकडे बघून हसत होती. त्याला एवढंच कळलं की आता कितीही पुसलं तरी हे पुसलं जायचं नाही.

नंतर ती रचना दुसऱ्या गावांत वाजली, तिसऱ्या गावांत वाजली. पुढची वेळ आली एकदाची! पेटी घेऊन शिष्या सगळीकडे जायची. पहिल्या प्रयोगानंतर ती व्हायोला परत करायला आली होती, तेव्हा बायको म्हणाली होती, "ठेव गं. घरात नुसता पडून काय करेल?"

त्यानंतरच्या एका सकाळी त्याने आतल्या खोलीच्या दाराची गादी काढायला घेतली. वडिलांचे टाके, सहजासहजी सुटतात कुठले! कात्रीने एकेक कापावा लागला. कापूस पिवळा पडून गोळे झाला होता. तो बोळकांडीभर उडाला.

"अरे, हे काय मांडलंयस?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "नाका-तोंडात जातोय माझ्या!"

"दार मोकळं करतोय."

"आता?" ती म्हणाली. रागावून म्हणाली नाही, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

त्याने केर भरला, आणि दार सताड उघडं ठेवून टेबलाशी बसला. पेन्सिल हातात घेतली, पण लिहिलं काही नाही. नुसता कान देऊन बसला. घरात व्हायोला नाही हे काय त्याला ठाऊक नव्हतं? तरी बसला. नळ वाहिला, बंद झाला. पातेलं सरकलं. मग एक वेगळाच आवाज यायला लागला. ठक, ठक. थांबला. पुन्हा ठक, ठक. मग कपड्याने काहीतरी पिळल्यासारखी खसखस आणि एक दबका हुंकार.

काय आहे ते त्याला आधी कळेना. मग कळलं. ती बरणी ओट्याच्या कडेवर आपटून झाकण सैल करायचा प्रयत्न करत होती. म्हणजे बटण दाबायच्या आधी ती दर वेळी हे करत होती. सगळे उपाय करून हात टेकले की मगच त्याला बोलवत होती. एवढी वर्षं दाराच्या ह्या बाजूला नुसता दिवा लागायचा.

तो उठला आणि तिने बोलवायच्या आत स्वयंपाकघरात गेला.

"मी कुठे बोलावलं तुला?" ती म्हणाली.

"ऐकू आलं," तो म्हणाला.

तिने बरणी पुढे केली. झाकण फार घट्ट बसलं होतं; त्यालाही उघडायला जरा वेळ लागला.